मार्गशीर्षातला तळ

मास्तर,

तुमच्या दहाव्याला माणसं पांगल्यावर गोदावहिनींनी मला आत बोलावलं आणि घोंगडीच्या तुकड्यात बांधलेल्या तुमच्या तीन वह्या माझ्या हातात दिल्या. म्हणाल्या, "ह्या तुमीच न्या, शिवप्पा. मला वाचता येत न्हाय, पर बघवत बी न्हाय." घरी येऊन मी गाठ सोडली. पहिल्या पानाच्या समासात तुमच्या शेवटच्या दिवसांतलं वाकडंतिकडं अक्षर होतं. एकच शब्द: शंका. दुसऱ्या पानावरही तेच. बिरोबाच्या ओव्यांवर शंका, हळदीच्या रितीवर शंका, आजारी मेंढीला चारायच्या पाल्यावर शंका. तिन्ही वह्या मी शेवटपर्यंत चाळल्या. एकही पान तुम्ही सोडलं नव्हतं.

मला आधी तुमचा राग आला. एका ओवीतला एक शब्द नीट ऐकू आला नव्हता म्हणून तुम्ही येडशीहून वाशीपर्यंत पायी गेला होता. परत आल्यावर सुजलेले पाय गरम पाण्यात सोडून, बघ, मी म्हणत होतो तेच निघालं, असं मला मोठ्या खुशीत सांगितलं होतं. अशा माणसानं आपल्याच उभ्या कामावर अशी काट मारावी? मग राग उतरला आणि त्याच्याखाली जे दडलं होतं ते वर आलं. ही शंका तुमच्या मनात कुणी घातली ते मला माहीत आहे. तुम्हाला माहीत नव्हतं. तेवढंच सांगायला हे लिहितोय, आणि सांगायला उशीर झालाय हेही मला कळतं.

आपली गाठ पडली ती येडशीच्या तहतानिया शाळेत. चार इयत्तांची शाळा, तुम्ही थोरले मास्तर, मी नवा. मी दुकानदाराचा मुलगा. घरात कानडी, बाजारात मराठी, शाळेत उर्दू. तुम्ही धनगरांच्या वाड्यात जन्मलेले. वाडा म्हणजे मेंढरं, घोडी, कुत्री आणि माणसं यांचं चालतं बिऱ्हाड, हे मला तुम्ही शिकवलं. तोवर मला दगडमातीचाच वाडा ठाऊक होता. तुमच्या भावकीत अक्षर ओळखणारे तुम्ही पहिले. शिकलेला माणूस सहसा मागे वळून बघत नाही, पण तुम्ही शिकलात आणि वही घेऊन परत त्याच मेंढरांमागे गेलात. गावातली शहाणी माणसं तुम्हाला हसायची. सुरुवातीला मीही त्यांच्यातच होतो.

सुट्टी लागली की तुम्ही वाड्यावर जायचा आणि मलाही ओढून न्यायचा. तुमची काम करायची तऱ्हा मला वेडगळ वाटायची. वही बाहेर काढायची नाही. लोकर आणि चाती घेऊन बसायचं आणि सूत कातत ऐकायचं, कारण समोरचा हात लिहायला लागला की म्हातारी माणसं गप्प होतात. तीच गोष्ट आणखी दोन वाड्यांवर जाऊन ऐकायची. तिन्हीकडे जुळलं तरच लिहायचं, आणि खाली टाकायचं की कुणी सांगितलं, कुठल्या तळावर, कुठल्या तिथीला. माझं अक्षर चांगलं म्हणून शुद्ध प्रत करायचं काम माझ्याकडे होतं. त्या नावांच्या ओळींचा मला कंटाळा यायचा. गाणं उतरलं ना, मग गाणारीचं नाव कशाला, असं मी एकदा विचारलं. तुम्ही चाती थांबवलीत.

"नाव काढलं तर गाणं माझं होईल, शिवप्पा. मी कुठं गायलोय?"

यावर आपण किती वर्षं भांडलो. तुम्ही गेलात तरी माझं भांडण संपलेलं नाही. दुसरं भांडण त्या उर्दू लेखाचं. जिल्ह्याच्या आधीच्या तालुकदारसाहेबांनी धनगरांच्या चालीरीतींवर तुमच्याकडून तीस पानं लिहून घेतली होती. ती हैदराबादेला गेली, आणि कचेरीत बोलावून तुम्हाला शाल दिली. मी म्हटलं, शाल झकास आहे मास्तर, पण लोकर कुणाची? दोन दिवस तुम्ही माझ्याशी बोलला नाहीत. तिसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत येऊन म्हणालात, मी नाही लिहिलं तर ते लिहिणारच आहेत, आणि त्यांना आम्ही मेंढरांमागची मेंढरंच दिसतो. साहेब लोक असले कागद ओव्यांसाठी वाचत नसतात एवढंच मी पुटपुटलो, आणि पुढं ते खरं ठरल्याचं मला अजून वाईट वाटतं.

तुमच्या चुलत्यांना, म्हणजे तात्यांना, हे लिहिणंच पसंत नव्हतं. त्यांनीच तुम्हाला सगळ्यात जास्त सांगितलं आणि त्यांनीच सगळ्यात जास्त शिव्या दिल्या. कुठल्या महिन्यात कुठला वाडा कुठं बसतो याची तुम्ही बारा महिन्यांची वेगळी वही केली, ती ऐकून ते भडकले होते. "उद्याचा तळ आज कुणाला सांगू न्हाई, ही आपली रीत. तू तर साऱ्या वर्साचे लिवून ठिवलेस. लिवलंस म्हंजी सांगितलंसच की." तुम्ही हसलात. ही वही घराबाहेर जाणार नाही म्हणालात.

मग निजामीचं ते शेवटचं वर्ष आलं. दर मार्गशीर्षात तात्यांचा वाडा रामलिंगाच्या वरच्या माळावर बसायचा. तिथून एक वाट दरीतून खाली उतरते आणि बार्शीकडच्या हद्दीला, नुकत्याच स्वतंत्र झालेल्या मुलखाला जाऊन मिळते. चळवळीतली माणसं डोक्यावरून घोंगडी घेऊन, मेंढरं वळत त्या वाटेनं येत-जात होती. तुम्हाला हे माहीत होतं, मलाही होतं, आणि आपण दोघं त्याबद्दल कधी एक शब्द बोललो नव्हतो.

कार्तिक संपत आला होता. एके सकाळी पोलिसांचे अमीनसाहेब दोन हत्यारबंद जवान घेऊन शाळेत आले आणि तुमच्या खुर्चीत बसले. त्यांच्या हातात तुमची ती तीस पानं होती. त्यात शेवटी तुम्ही मोठ्या अभिमानानं लिहिलं होतं की प्रत्येक वाड्याचा महिन्याचा तळ ठरलेला असतो आणि त्याची पूर्ण यादी लेखकाजवळ आहे. त्या वाक्यावर बोट ठेवून त्यांनी यादी मागितली. तीन दिवसांची मुदत. नाही मिळाली तर घराची झडती, आणि मग जे सापडेल ते. वर्गात मुलं पाढे म्हणत होती. तुम्ही त्यांना थांबवलं नाहीत, फक्त जी हुजूर म्हणालात.

पहिल्या दिवशी मी म्हटलं, हरवली म्हणून सांगा. तुम्ही म्हणालात, मग झडती होईल आणि त्या वहीतली सांगणाऱ्यांची नावं त्यांच्या हाती लागतील. दुसऱ्या दिवशी तुमचं ठरलं होतं. नावं जाळायची. तळांची नक्कल मात्र खरी करून द्यायची. गोदावहिनींच्या भावाबरोबर तात्यांना निरोप गेला होता की यंदा रामलिंगावर बसू नका. मी म्हटलं, आजोबाच्या वेळेपासूनचा तळ एका निरोपावर सोडणारा माणूस तात्या नव्हे. सरळ खोटी यादी लिहू. हा माणसांच्या जिवाचा प्रश्न आहे.

"एक तळ खोटा लिहिला तर बाकीच्या वह्यांचं काय? उद्या कोण म्हणेल हे खरं आहे म्हणून?"

मी आवाज चढवला. तुम्हीही चढवलात, आणि तसा आवाज मी तुमच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. "तू नक्कल कर. तेवढंच तुझं काम."

मास्तर, ते वाक्य मला लागलं. इतकी वर्षं वाड्यावाड्यावर तुमच्याबरोबर हिंडलो, लोकरीचा वास अंगाला येतो म्हणून घरात बोलणी खाल्ली, आणि मी नुसता नक्कल करणारा. तिसऱ्या दिवशी दुपारी तुमच्या घराच्या ओसरीवर मी लिहायला बसलो तेव्हा भीती होती तितकाच तो रागही होता, हे आज कबूल करतो. चैत्रापासून कार्तिकापर्यंत मी इमानानं उतरवलं. तात्यांच्या वाड्याच्या मार्गशीर्षाशी आलो. तुमच्या पानावर होतं: रामलिंग, वरचा माळ. मी लिहिलं: माकणी, तेरणाकाठ.

माकणीच का, हेही सांगतो. ते माझं आजोळ. मार्गशीर्षात तिथं रानात शाळू उभा असतो, त्या दिवसांत मेंढरं बसवायला शेतकरी बांधालाही उभं करत नाही. काठ मोकळा असणार. जवान जातील, रिकामी नदी बघून परत येतील, तोवर रामलिंगावरची माणसं पार झालेली असतील. मला माझ्या हुशारीचं कौतुक वाटलं. उभ्या पिकाचा हिशेब मला कळत होता, मेंढरांचा कळत नव्हता. त्या साली पाऊस कमी झाला होता. पाऊस कमी झाला की ज्याला दुसरीकडे चारा नाही तो धनगर नदीकाठच्या बाभळींच्या पाल्यावर दिवस काढतो. हे तुमच्या पहिल्या वहीत होतं. त्याची शुद्ध प्रत मीच केली होती.

शाई वाळत होती तेव्हा तुम्ही येऊन बसलात. "आण, ताळा करू," म्हणालात. मूळ पानं डाव्या हातात, माझी नक्कल उजव्या हातात. आणि तेवढ्यात दारात जवान उभा राहिला. संध्याकाळपर्यंत मुदत होती, तो दुपारीच आला. तुम्ही मूळ पानं धोतराच्या ओच्यात लपवलीत, नक्कल त्याच्या हातात दिलीत, आणि तो कोपऱ्यावर वळल्याबरोबर ती पानं नेऊन पाण्याच्या चुलीत घातलीत. सांगणाऱ्यांची सगळी नावं त्या पानांवर होती. त्यांतल्या कितीतरी म्हाताऱ्या तोवर गेल्या होत्या. चुलीपुढं उकिडवे बसून तुम्ही एकेक नाव वाचत होता आणि मग पान आत सारत होता. मी खांबाला टेकून बघत राहिलो. तेव्हाही मला बोलता आलं असतं.

पुढचं तुम्हाला माहीत आहे, पण अर्धंच. तात्यांना निरोप मिळाला त्याच संध्याकाळी त्यांनी रामलिंगाची वाट सोडली आणि वाशीच्या डोंगराकडे गेले. तुमच्या एका शब्दावर गेले. माझ्या खोट्याची कुणालाच गरज नव्हती. आणि माकणीला तेरणाकाठी धुळा नावाच्या धनगराचा वाडा बसला होता, ज्याला ना चळवळ ठाऊक ना बार्शीची वाट. यादीत लिहिल्याप्रमाणे वाडा सापडला म्हणून जवान खूष झाले. आणलेली माणसं कुठं लपवलीस, असं त्याला विचारत राहिले. त्याच्याकडे सांगण्यासारखं काही नव्हतं. बंदुकीच्या दस्त्यानं त्याचा उजवा पंजा त्यांनी दगडावर ठेचला आणि सगळी मेंढरं हाकून नेली.

पंधरा दिवसांनी अमीनसाहेब शाळेपुढून घोड्यावर जाताना थांबले. "तुमारी किताब पक्की निकली, मास्टरसाब. माकणीकू मिल गए लोगां." मी तुमच्या शेजारीच उभा होतो. तुमचा चेहरा मी बघितला नाही, बघायची हिंमत झाली नाही. त्याच दुपारी तुम्ही आमच्या दुकानात आलात. गिऱ्हाईक जाईपर्यंत पोत्यावर बसून राहिलात. मग विचारलंत.

"शिवप्पा, मूळ पानावर मार्गशीर्षाला काय होतं? मी रामलिंग लिहिल्याचं आठवतंय."

मी म्हणालो, "माकणीच होतं, मास्तर."

तुम्ही मान हलवलीत. माझ्यावर शंका घेणं तुमच्या मनातही आलं नाही. "मग लिहिताना मीच चुकलो," म्हणालात, आणि उठून गेलात. का खोटं बोललो? धुळाच्या पंज्याची बातमी सकाळीच कानावर आली होती. तो पंजा आपल्या नावावर येणार या भीतीनं. दुसरं काही कारण नाही. शोधून बघितलं, सापडलं नाही.

त्यानंतर तुम्ही वहीत नवं काही लिहिलं नाहीत. शाळेचा हजेरीपट लिहिलात की मला हाक मारायचा, वाच बरं, बरोबर लिहिलंय का. मुलांची साधी नावं, मास्तर. मी वाचून बरोबर आहे म्हणायचो. निजामी गेली, गावात झेंडा लागला, तात्यांना हार घातले, आणि तुम्ही घरातून बाहेर आला नाहीत. लोक म्हणाले, मास्तर सरकारी शालीला जागले. मी गर्दीत उभा राहून ते ऐकलं. तुम्ही अधूनमधून माकणीला जाता एवढं वहिनींकडून कळायचं. कशाला जाता हे विचारायचं मी टाळलं.

सांगायला मी किती वेळा आलो म्हणून सांगू! एकदा दारापर्यंत येऊन, साखर पाठवलीय आईनं, असं म्हणून परत फिरलो. शेवटच्या आठवड्यात तर तुम्हीच वाट करून दिली होती. अंथरुणावरून माझा हात धरून म्हणालात, तुझी नक्कल कायम चांगली होती शिवप्पा, चूक माझ्या मुळात होती. खोलीत आपण दोघंच होतो. मी तुमच्या अंगावरची घोंगडी सारखी केली आणि पाणी हवं का विचारलं.

ज्या माणसानं मला ऐकायला शिकवलं त्याचं मी हे केलं. आज कुठल्याही म्हातारीपुढं बसलो की माझा हात आपोआप खिशातल्या कागदाकडे जायचा थांबतो, ते तुमच्यामुळे. उपकार म्हणावेत तर हे, आणि फेड म्हणावी तर ती तीन वह्यांच्या समासात लिहिलेली आहे.

वह्या बघितल्यावर मला घरात बसवेना. परवा मी माकणीला गेलो. धुळा आता एका शेतावर राखणीला असतो, बांधावरच भेटला. उजवा हात घोंगडीत. मी कोण ते सांगितलं, आणि मग उभ्याउभ्याच सगळं सांगितलं: नक्कल मी केली, तळ मी बदलला, मास्तरांच्या वहीत माकणी नव्हतीच. तो मारील असं वाटलं होतं, आणि मारलं असतं तर बरं झालं असतं. त्यानं एवढंच विचारलं.

"मग मास्तरनं माजं पाय का धरलं?"

मग तोच सांगत राहिला. तुम्ही पहिल्यांदा आलात तेव्हा ह्याच बांधावर त्याच्या पायावर डोकं ठेवलंत. नंतर तुम्ही अधूनमधून यायचा, त्याच्या डाव्या हाताला लोकरीची कातर धरायची सवय लावायला बसायचा. अक्षर शिकवताना मुलांचा धरायचा तसा त्याचा हात धरून. त्याची मेंढरं उरली नव्हती, म्हणून तुम्ही शेजारच्यांची दोन-चार मागून आणायचा. आणि दर वेळी जाताना म्हणायचा, माझ्या लिहिण्यात चूक झाली, मला माफ कर.

"त्यांनी धरले, कारण मी त्यांना खोटं सांगितलं," मी म्हटलं.

धुळानं डाव्या हातानं घोंगडी सावरली. "ह्ये मला सांगून काय उपेग? मी तर तेन्ला कवाच माफ केलं व्हतं, तेंची काय बी चूक नसताना. तेन्ला सांगायचं व्हतंस तू." आणि तो पाखरं हाकायला रानात शिरला.

म्हणून सांगतोय, मास्तर. तुम्ही चुकला नव्हता. तुमच्या पानावर मार्गशीर्षाला रामलिंगच होतं, वरचा माळ. मी ते स्वतःच्या डोळ्यांनी वाचलं होतं, आणि तुम्ही विचारलंत तेव्हाही मला ते आठवत होतं.